पोटॅशियम वाढले, मग कॅल्शियम कशासाठी?

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाची एखादी खेप चुकते. कधी घरात लग्नकार्य असते, कधी गाडी मिळत नाही, कधी आठवड्यातून दोनतीनदा तालुक्याला जाण्याचा नुसता कंटाळा आलेला असतो. एकदोन दिवसांत पाय गळाल्यासारखे होतात, छातीत कसेसेच वाटते आणि घरचे त्याला कॅज्युअल्टीत आणतात. ईसीजीची पट्टी हातात घेताच डॉक्टर घाईने इंजेक्शन मागवतात; रक्ताचा अहवाल अजून यायचा असतो. नंतर नातेवाइकांना सांगितले जाते की पोटॅशियम फार वाढले होते. औषधाच्या बिलावर मात्र लिहिलेले असते ‘कॅल्शियम ग्लुकोनेट’. वाढले एक आणि दिले दुसरेच, हा प्रश्न त्यांच्या मनात आला तर त्यात त्यांची चूक नाही. वैद्यकीय विद्यार्थीही पहिल्या वर्षी तो विचारतातच.

या इंजेक्शनविषयीचे बहुतेक गैरसमज एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. आणीबाणीत शिरेतून दिलेले कॅल्शियम आजार बरा करण्यासाठी बहुधा दिलेच जात नाही. त्यातून काही मिनिटांचा, फार तर तासाभराचा अवधी मिळतो, आणि त्या अवधीत डॉक्टरांना मूळ कारणावर इलाज करता येतो.

हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले कॅल्शियम

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. रक्तात फिरणारे कॅल्शियम अगदी थोडे, म्हणजे दर १०० मिलिलिटर द्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. त्यातलाही जवळपास निम्मा भाग प्रथिनांना किंवा इतर घटकांना चिकटलेला असतो. उरलेला मोकळा भाग, ज्याला आयनित कॅल्शियम म्हणतात, तोच हृदयाच्या, स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या उपयोगी पडतो. बँकेतली मुदतठेव आणि खिशातली सुटी नाणी यांत जो फरक आहे तोच इथे आहे. ठेव कितीही मोठी असली तरी बसचे तिकीट खिशातल्या नाण्यांवरच निघते. म्हणून हाडे भक्कम असलेल्या माणसाचेही रक्तातले मोकळे कॅल्शियम अचानक घटू शकते, आणि हाडे ठिसूळ झालेल्या आजींचे ते अगदी योग्य असू शकते.

हृदयाला हे मोकळे कॅल्शियम किती लागते, हे लंडनच्या सिडनी रिंगर या डॉक्टरला जवळजवळ अपघातानेच कळले. बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग तो करीत होता आणि ते यशस्वीही झाले होते. १८८३ साली त्याने स्वतःच जाहीर केले की आधीची द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवली गेली होती. शुद्ध पाणी वापरताच हृदयाचे ठोके मंदावले आणि थोडे कॅल्शियम घालताच ते पुन्हा नीट चालू लागले. रुग्णालयात आज ‘आरएल’ (रिंगर लॅक्टेट) म्हणून जे सलाइन लावतात, त्यातला ‘आर’ याच रिंगरचा आहे आणि त्या बाटलीत कॅल्शियमही असते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

उंबरठ्यापर्यंत आलेले पाणी

आता पोटॅशियमकडे वळू. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात ते लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढेच असावे लागते. आत-बाहेरच्या या तफावतीमुळे हृदयाची प्रत्येक पेशी विश्रांतीच्या वेळी ठरावीक विद्युत पातळीवर थांबलेली असते. ठोक्याची लाट आली की ती पातळी चढते, एक मर्यादा ओलांडते आणि पेशी आकुंचन पावते. या मर्यादेला शरीरशास्त्रात उंबरठाच म्हणतात.

पावसाळ्यातली एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. एरवी पाणी गटारात खाली असते आणि उंबरठा बराच उंच असतो. रक्तातले पोटॅशियम वाढणे म्हणजे हे पाणी चढत चढत उंबरठ्याशी येणे. मग रस्त्यावरून नुसती रिक्षा गेली तरी लाट घरात शिरते, म्हणजेच हृदयात नको त्या वेळी ठोके पडू लागतात. शिवाय पाणी सतत दाराशी राहिले की लाकडी दार फुगून बसते आणि उघडायचे तेव्हाही उघडत नाही. ठोक्याची लाट पुढे नेणारे पेशींमधले सोडियमचे मार्ग असेच अडकून बसतात आणि ती लाट हृदयातून रखडत जाऊ लागते. ईसीजीवर आधी टी लाटा टोकदार व उंच होतात, मग पी लाटा सपाट होतात, क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा मधला अणकुचीदार भाग, रुंदावतो आणि शेवटी सगळी पट्टी एकाच मोठ्या नागमोडी रेषेसारखी दिसू लागते. त्यानंतर हृदय थांबायला वेळ लागत नाही.

कॅल्शियम दिल्यावर गल्लीतले पाणी ओसरत नाही, उंबरठा उंच होतो. पाणी आणि उंबरठा यांत पूर्वीचे अंतर पडते आणि घर काही काळ वाचते. निदान गेली कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत हेच स्पष्टीकरण दिले गेले आहे. प्राण्यांच्या हृदयाच्या ऊतींवर झालेल्या अलीकडच्या प्रयोगांतून मात्र वेगळा विचार पुढे आला आहे. त्यानुसार सोडियमचे पुढचे दार फुगून बसलेले असताना कॅल्शियममुळे विद्युत लाटेला जणू मागच्या दाराने वाट मिळते आणि मुख्य फायदा त्यातूनच होतो. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या कामात या वादाने आज काही फरक पडत नाही.

परिणाम एक ते तीन मिनिटांत दिसतो आणि रुंदावलेला क्यूआरएस डोळ्यांदेखत अरुंद होतो. पाच-दहा मिनिटांत तसे झाले नाही तर मात्रा पुन्हा देतात. हा परिणाम अर्धा ते एक तासच टिकतो, म्हणून लगेच पुढचे उपाय सुरू करावे लागतात. इन्सुलिन, सोबत साखर उतरू नये म्हणून ग्लुकोज, आणि साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाची वाफ यांमुळे पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते, तर डायलिसिसने ते शरीराबाहेर जाते. कॅल्शियम देऊन ईसीजी सुधारला म्हणून डायलिसिस उद्यावर टाकणे, ही या सगळ्यातली सर्वांत घातक चूक म्हणावी लागेल. सुधारलेल्या पट्टीने रुग्णाइतकेच डॉक्टरही फसू शकतात.

अहवालाची वाट का पाहिली नाही, असेही विचारले जाते. पट्टीवर वरचे बदल स्पष्ट दिसत असतील आणि रुग्ण डायलिसिसचा असेल, तर अहवाल येईपर्यंतचा अर्धा तास परवडणारा नसतो. याच्या उलट, ईसीजी अगदी साधा दिसूनही पोटॅशियम धोकादायक पातळीवर असू शकते. म्हणून अहवालातला आकडा खूप मोठा असेल तर ईसीजी चांगला आहे एवढ्यावर डॉक्टर निर्धास्त होत नाहीत.

एकाच नावाची दोन इंजेक्शने

आणीबाणीच्या ट्रॉलीत कॅल्शियम दोन रूपांत असू शकते, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड. दोन्हींच्या अँप्यूलवर १० टक्के आणि १० मिलिलिटर असेच छापलेले असते. दोन्हींत त्या त्या क्षाराचा एक ग्रॅम असतो. पण ग्लुकोनेटचा रेणू मोठा असल्याने त्या एक ग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ९३ मिलिग्रॅमच भरते, तर क्लोराइडमध्ये ते सुमारे २७२ मिलिग्रॅम असते. म्हणजे जवळपास तिप्पट. किलोभर नारळ आणि किलोभर खोबरे यांत जो फरक, तसा हा. ‘कॅल्शियमची एक अँप्यूल द्या’ ही तोंडी सूचना म्हणूनच अपुरी असते. क्षाराचे नाव, मात्रा आणि ती किती मिनिटांत द्यायची, या तिन्ही गोष्टी उच्चारल्या गेल्या पाहिजेत आणि देणाऱ्याने त्या पुन्हा म्हणून दाखवल्या पाहिजेत. ब्रिटनमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सूचनांत पोटॅशियमच्या आणीबाणीसाठी ग्लुकोनेटचे ३० मिलिलिटर दहा मिनिटांत द्यावेत असे सांगितले आहे. तेवढेच कॅल्शियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरमध्ये मिळते. इतर अनेक ठिकाणी ग्लुकोनेटच्या १० मिलिलिटरने सुरुवात करून ईसीजी पाहत मात्रा वाढवतात.

क्लोराइड एवढे जोरकस आहे, तर नेहमी तेच का वापरत नाहीत? कारण ते शिरेला फार तिखट असते. सुई शिरेतून निसटून औषध आजूबाजूच्या मांसात गेले तर त्वचा आणि खालचा भाग जळून मरू शकतो, आणि कधी कधी शस्त्रक्रिया करून तो भाग काढावा लागतो. म्हणून क्लोराइड शक्यतो मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून देतात. हृदय बंद पडण्याच्या बेतात असेल तर हातातल्या चांगल्या मोठ्या शिरेतूनही देतात, कारण तेव्हा हातापेक्षा जीव महत्त्वाचा असतो. ग्लुकोनेटही अगदी निरुपद्रवी नाही, पण त्याने होणारी इजा तुलनेने कमी असते. ग्लुकोनेट यकृतात फुटल्याशिवाय कॅल्शियम मोकळे होत नाही, असे पूर्वी मानले जाई. यकृत प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत, जुने यकृत काढलेले आणि नवे अजून जोडायचे अशा टप्प्यावर, दोन्ही क्षार समप्रमाणात देऊन पाहिले तेव्हा रक्तातले मोकळे कॅल्शियम सारखेच वाढले, आणि ही समजूत मागे पडली.

सावकाश म्हणजे किती सावकाश?

शिरेतले कॅल्शियम झटकन गेले की आधी अंगभर उष्णता पसरते, तोंडात खडूसारखी चव येते आणि मळमळते. आणखी वेगाने गेले तर रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावते आणि हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून पोटॅशियमच्या आणीबाणीत, रुग्णाची नाडी चालू असताना, मॉनिटर लावून काही मिनिटांत, घड्याळ पाहून देतात. ज्याचे कॅल्शियम खरोखर कमी झाले आहे पण प्राण तत्काळ धोक्यात नाहीत, त्याला एक ते दोन ग्रॅम ग्लुकोनेट थोड्या डेक्स्ट्रोज सलाइनमध्ये मिसळून दहा ते वीस मिनिटांत देतात. तो परिणाम दोन-तीन तासांतच ओसरत असल्याने मागोमाग सावकाश थेंबांची ड्रिपही लावावी लागते.

असे खरे कॅल्शियम कमी झालेले रुग्ण बरेचदा थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेले असतात. त्या ग्रंथीला चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावल्या की एकदोन दिवसांत ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आवळतात आणि मनगट आत वळते. रक्तदाबाचा पट्टा दंडावर तीन मिनिटे फुगवून ठेवला तर हाच पेटका मुद्दाम आणून दाखवता येतो. मॅग्नेशियमही कमी असेल तर ते भरून काढल्याशिवाय कॅल्शियम टिकत नाही. अगदी असेच बोटांचे पेटके घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्या माणसालाही येतात. त्या श्वासांमुळे रक्ताची आम्लता घटते आणि मोकळे कॅल्शियम तेवढ्यापुरते प्रथिनांना चिकटते. इथे इंजेक्शनची नव्हे, धीर देऊन श्वास संथ करण्याची गरज असते. अर्थात हा घाबरण्याचाच प्रकार आहे याची खात्री डॉक्टरांनी करावी, घरच्यांनी नव्हे.

एकाच नळीतून सगळी औषधे का देत नाहीत?

स्वयंपाकघरातल्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच नळीत भेटले की असाच थर सुईत आणि शिरेत तयार होऊ शकतो. आणीबाणीत ही दोन्ही औषधे एकाच रुग्णाला लागण्याची शक्यता असते, त्यामुळे मध्ये साध्या सलाइनने नळी धुऊन घेणे हा केवळ टापटिपीचा भाग राहत नाही. फॉस्फेट असलेल्या द्रावणांचेही तेच आहे.

सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक आपल्याकडे सर्रास दिले जाते आणि त्याचाही कॅल्शियमशी साका होतो. नवजात बाळांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असा साका आढळून मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये इशारा दिला, आणि २००९ मध्ये तो सुधारून प्रौढांसाठी मुभा दिली. प्रौढांना दोन्ही औषधे एकापाठोपाठ देता येतात, पण मध्ये नळी नीट धुवावी लागते. एकाच वेळी, एकाच नळीतून देऊ नये. मघाशी सांगितलेल्या आरएलमध्ये कॅल्शियम असल्याने हा नियम त्या बाटलीलाही लागू होतो.

‘पण पेशंट डिगॉक्सिन घेतो…’

डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध हृदयपेशींमधले कॅल्शियम वाढवते. त्यावर आणखी कॅल्शियम दिले तर हृदय आकुंचन पावून दगडासारखे घट्ट होईल, ही भीती अनेक पिढ्यांच्या डॉक्टरांना शिकवली गेली. १९३६ साली नोंदवल्या गेलेल्या दोन रुग्णांच्या मृत्यूचा तिला मोठा आधार होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डिगॉक्सिनची विषबाधा झालेल्या १५९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २३ जणांना शिरेतून कॅल्शियम मिळाले होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही हृदयाची लय पुढच्या तासाभरात जीवघेणी बिघडली नव्हती आणि मृत्यूचे प्रमाणही बाकीच्यांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हते. २३ हा आकडा लहान आहे, हे विसरता कामा नये. तरीही पोटॅशियममुळे हृदय थांबण्याच्या बेतात असताना केवळ डिगॉक्सिनच्या नावाला घाबरून कॅल्शियम रोखून धरणे आता योग्य मानले जात नाही. माझ्या मते इथे जुन्या भीतीने औषधापेक्षा जास्त नुकसान केले असण्याचा संभव आहे. डिगॉक्सिनचीच विषबाधा असेल तर तिचा खरा उतारा वेगळा आहे, प्रतिपिंडांचे इंजेक्शन.

हृदय बंद पडल्यावर सर्वांनाच का देत नाहीत?

हृदयाला कॅल्शियम लागते आणि ते ठोक्याला जोर देते, मग बंद पडलेल्या प्रत्येक हृदयाला ते द्यावे, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. डेन्मार्कमध्ये २०२० आणि २०२१ मध्ये तो तपासला गेला. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ३९१ प्रौढांच्या या चाचणीत काहींना कॅल्शियम क्लोराइड आणि काहींना साधे सलाइन दिले गेले, आणि कोणाला काय मिळाले हे उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. कॅल्शियमच्या गटात १९ टक्के रुग्णांचे हृदय पुन्हा टिकाऊपणे सुरू झाले, तर सलाइनच्या गटात २७ टक्क्यांचे. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५.२ आणि ९.१ टक्के होते. अपायाचा कल दिसू लागल्याने चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवण्यात आली. फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता संख्याशास्त्र पूर्णपणे नाकारत नाही, पण सर्वांना कॅल्शियम देण्याच्या बाजूने बोलण्यासारखे त्यात काही उरले नाही.

वाढलेले पोटॅशियम, घटलेले कॅल्शियम किंवा काही ठरावीक औषधांची विषबाधा, अशा ठोस कारणासाठी मात्र हृदय बंद पडल्यावरही ते दिले जाते. अम्लोडिपिन किंवा व्हेरापामिलसारख्या गोळ्या पेशींतले कॅल्शियमचे मार्ग अडवतात. त्या मोठ्या संख्येने गिळलेल्या रुग्णाला बंद दारावर बाहेरून जोर लावावा तसे जास्तीचे कॅल्शियम देतात, पण तेवढ्याने क्वचितच भागते. सोबत इन्सुलिनच्या मोठ्या मात्रा आणि रक्तदाब टिकवणारी औषधे लागतात.

रक्ताची पिशवी आणि प्रसूतिगृहातले अँप्यूल

दान केलेले रक्त पिशवीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट असते, आणि ते कॅल्शियमला पकडूनच आपले काम करते. एकदोन पिशव्या सावकाश चढवल्या तर यकृत ते सायट्रेट सहज निकालात काढते. अपघातात किंवा प्रसूतीनंतर प्रचंड रक्तस्राव होऊन पिशव्यांमागून पिशव्या भराभर चढवाव्या लागतात, तेव्हा रक्तदाब खालावलेल्या रुग्णाचे यकृतही मंदावलेले असते. मोकळे कॅल्शियम घटते. ते घटले की रक्त नीट गोठत नाही आणि हृदयाचा जोरही कमी होतो. म्हणून अशा वेळी आयनित कॅल्शियम वरचेवर मोजून ते भरून काढतात.

प्रसूतिगृहातला उपयोग याहून साधा आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचलेला आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते शरीरात साठले तर आधी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा झटका नाहीसा होतो आणि नंतर श्वास मंदावतो. श्वास दबत असेल तर मॅग्नेशियम थांबवून कॅल्शियम ग्लुकोनेटचा एक ग्रॅम सावकाश देतात. म्हणून जिथे मॅग्नेशियमची ड्रिप चालू आहे तिथे हे अँप्यूल कपाटात कुलूपबंद नव्हे, हाताशी हवे.

ताकदीसाठी घेतलेले ‘गरम इंजेक्शन’

अशक्तपणा आला म्हणून शिरेतून कॅल्शियम टोचून घेणारी पिढी अजून आपल्यात आहे. अंगभर ऊब पसरली की औषध लागू पडले, असा विश्वास त्यामागे असे. ती ऊब रक्तवाहिन्या एकदम रुंदावल्याची असते, ताकद आल्याची नव्हे. त्या एका अँप्यूलमधले ९३ मिलिग्रॅम कॅल्शियम किती, हेही पाहू. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा शरीरात शोषला जातो. म्हणजे हिशेब एका पेल्यापाशी येऊन थांबतो. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात तर साडेतीनशेच्या आसपास असते. हाडांसाठी लागणारे कॅल्शियम तोंडावाटेच घ्यायचे असते. मॉनिटर नसलेल्या खोलीत, घाईघाईने शिरेतून ते घेण्यात धोका तेवढा पुरेपूर असतो.

कॅज्युअल्टीच्या दारात काय सांगावे

शेवटचे डायलिसिस कोणत्या दिवशी झाले, हे सर्वांत आधी सांगावे. त्यानंतर रुग्ण घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे पुढे करावीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवू शकतात, आणि डिगॉक्सिन चालू असेल तर ते न विचारता सांगावे. नारळपाणी किंवा रक्तदाबासाठी आणलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ चालू होते का, हे बहुधा कोणाला आठवत नाही. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची तारीख सांगावी. इंजेक्शन चालू असताना सुई लावलेला हात चादरीखाली झाकू नये, आणि त्या जागी आग होऊ लागली किंवा सूज दिसली तर औषध संपेपर्यंत न थांबता त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी.